साडीच्या अलीकडे

"खिळा तिरका मार. सरळ मारलास तर वारा उपसून काढतो," सासूबाई खालून म्हणाल्या.

मी स्टुलावर उभी होते. तोंडात तीन खिळे, हातात हातोडी, पोटात मळमळ. खिडकीवर फळ्या ठोकणं हे खरं तर घरातल्या पुरुषाचं काम. पण सासरे दम्याचे, चार पावलं चालले की भिंतीला हात लावणारे. आणि नवरा कामासाठी पोर्ट लुईला गेला होता. म्हणजे घरात तसं सांगायची पद्धत होती.

मॉरिशसला येऊन मला आठ महिने झाले होते. तो गुरुवार होता आणि शनिवारी दुपारच्या विमानाने मी मुंबईला निघणार होते. धाकट्या भावाचं चिपळूणला लग्न होतं. त्याने तिकीट पाठवलं होतं आणि घरच्यांनी मला पंधरा दिवसांची रजा दिली होती. मी परत येणार नव्हते, हे फक्त मला ठाऊक होतं. मला तिसरा महिना लागला होता, हेही फक्त मला ठाऊक होतं. हे दुसरं कुणाला कळलं असतं तर पहिलं घडलंच नसतं. पोटुशी सून समुद्रापार कोण पाठवतो? बाळंतपण इथेच झालं असतं, आणि एकदा मूल त्या घरात जन्मलं की मी कायमची तिथली झाले असते. म्हणून मला दोन दिवस तोंड मिटून, उलटी गिळून काढायचे होते. दोनच.

आभाळ स्वच्छ निळं होतं. अशा निळ्या आभाळाखाली फळ्या ठोकताना मला हसूच येत होतं. पण गावच्या पोलीस चौकीवर सकाळपासून एक लाल बावटा लागला होता. तिथे वादळाच्या इशाऱ्याचे चार वर्ग असतात. पहिल्याला एक बावटा, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन. चौथ्याला एकही नाही, कारण तोवर बावटा बघायला कुणी बाहेर उरत नाही. रेडिओवर बाई शांत आवाजात सांगत होती की वादळ ईशान्येला आहे, अजून वाढतंय आणि अगदी सावकाश बेटाकडे सरकतंय. त्या वादळाला एका मुलीचं गोड नाव दिलेलं होतं. ते मी अजून तोंडाने घेत नाही.

गणितात मी जन्मात कधी काठावरच्या वर पास झाले नाही. पण त्या दिवशी फळ्या ठोकता ठोकता हिशेब मांडत होते, की बैलगाडीच्या चालीनं येणारं वादळ शनिवारी दुपारच्या आत येऊन निघून जाईल, की तेव्हाच दारात उभं राहील.

मी तिथे कशी पोहोचले ते सांगून टाकते. सासरचं आडनाव भिवाजी. कोकणातून उसाच्या मळ्यात मजुरीला आलेल्या पणजोबांचं ते नाव, बोटीवरून उतरताना गोऱ्यानं कागदावर लिहिलं आणि पिढ्यांचं आडनाव होऊन बसलं. घरात गणपती, तुळस, हळदीकुंकू सगळं होतं. सासूबाई स्वतः चिपळूणला आल्या होत्या मुलगी बघायला. मुलाला सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही, असं त्यांनी माझ्या वडिलांना सांगितलं. ते खरंच होतं. देवरावांना व्यसन नव्हतं, संसार होता. पोर्ट लुईला एक बाई आणि चार वर्षांचा मुलगा. त्या बाईची काही चूक नव्हती, तिला कुणी मंगळसूत्र घालून फसवलं नव्हतं. ते मला घातलं होतं. सगळ्या गावाला हे माहीत होतं. मला दुसऱ्या महिन्यात कळलं, आणि मी सासूबाईंना विचारलं तेव्हा त्या तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. लग्न झालं की सुधारेल असं वाटलं होतं, एवढंच म्हणाल्या. त्या दिवसापासून मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलत असे.

शुक्रवारी सकाळी तीन बावटे लागले. बस बंद झाली, दुकानं बंद झाली. विमानतळही बंद, असं रेडिओवरची बाई त्याच शांत आवाजात म्हणाली. मी न राहवून विचारलं, की उद्या दुपारपर्यंत उघडेल ना.

"विमान काय, उद्या कावळापण उडायचा नाय," सासूबाई म्हणाल्या. मग माझ्याकडे जरा रोखून बघून म्हणाल्या, "जाशील गो. वारा काय जन्मभर बसत नाय."

घराच्या पुढच्या तीन खोल्या लाकडी, वर पत्रा. मागची एकच खोली सिमेंटची, स्लॅबची. आधीच्या एका वादळात घर उडालं, त्यानंतर बांधलेली. तिथेच स्वयंपाक आणि तिथेच वादळात सगळ्यांनी जमायचं. दहा फूट बाय दहा फूट. मी आणि सासूबाईंनी सासऱ्यांना हाताला धरून तिथे आणलं, पाण्याच्या बादल्या भरल्या, कंदील आणला. एक बादली वेगळी ठेवली, कशासाठी ते सांगत नाही. पाव आणि बिस्किटांचा डबा तेवढा पुढच्या खोलीत राहिला. आणू सवडीनं, असं दोघींनाही वाटलं.

सासरे, त्यांना सगळे बाबा म्हणत, त्या घरात मला आवडणारं एकमेव माणूस. माझ्या माहेरची पत्रं ते माझ्याकडून वाचून घेत. त्यांना माणसांच्या खुशालीत रस नव्हता, गावांची नावं ऐकायची असत. खेर्डी, पेढे, परशुराम. बघितलेलं एकही गाव नाही, पण प्रत्येक नावाला मान डोलवत.

दुपारी वारा सुरू झाला. आधी नुसता उसातून सळसळत होता. मग घराला धक्के बसायला लागले. चार वाजता पुढचा पत्रा गेला. तो आवाज मी वर्णन करत बसत नाही. पत्रा जाताना घरातली सगळी हवा आपल्याला सोडून जाते एवढंच आठवतं. दाराला आम्ही लोखंडी ट्रंक लावली आणि दोघी तिला पाठ टेकून बसलो. पुढच्या खोल्यांत पाणी कोसळत होतं. डबा, बिस्किटं, माझी भरलेली बॅग, सगळं तिकडेच.

मी वळून पाहिलं तेव्हा बाबा भिंतीला टेकून बसले होते आणि त्यांना दम लागत नव्हता. आठ महिन्यांत पहिल्यांदा त्या खोलीत त्यांच्या श्वासाची घरघर नव्हती. मला वाटलं बरं झालं, झोप लागली. सासूबाईंना क्षणात कळलं. त्यांनी ट्रंक सोडली, जाऊन त्यांच्या नाकापाशी हात धरला आणि मग त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. रडल्या असतील. वाऱ्यात ऐकू आलं नाही.

आम्ही त्यांना चटईवर आडवं केलं, दक्षिणेकडे डोकं. उशाला दिवा लावला. तोंडात पाणी घातलं, तुळशीचं पान मात्र नव्हतं. तुळस अंगणात होती.

मला खरंच वाईट वाटत होतं. पण खोटं कशाला बोलू, त्याच वेळी मनात दुसरंही चाललं होतं. सुतकात भावाचं लग्न नाही. लग्न नाही म्हणजे जाण्याचं कारण नाही. तेरा दिवस तर हलता येणार नाही. मग पोट दिसायला लागेल. शिवाय तेराव्यापर्यंत कलाताई घरी येऊन राहणार, माझी मोठी नणंद कलावती. ती सरकारी इस्पितळात बाळंतिणींच्या वॉर्डात नर्स होती. तिच्या नजरेतून मांजरीचं पोट सुटत नसे, माझं काय सुटणार? बाहेर वादळ, आत प्रेत, आणि माझ्या आत ते. एक दार उघडलं असतं तरी मागे आणखी दोन बंद होती.

घरात मयत असताना चूल पेटवत नाहीत, काही खात नाहीत. तिथली मराठी माणसं हे आपल्यापेक्षा कडक पाळतात. समुद्र ओलांडून जे चार नियम आणले ते हातचे जाऊ द्यायचे नाहीत, असं. मयत हललं की शेजारचे पिठलं-भात आणून देतात आणि घरचे मग घास घेतात. पण इथे मयत हलणार कसं? आणि शेजारी येणार कसे? त्यांच्याही दारांना ट्रंका लावलेल्या.

शनिवार उजाडला तो घड्याळात. फळ्यांच्या फटींतून राखेसारखा उजेड येत होता आणि रेडिओ गप्प झाला होता. शुक्रवारी सकाळच्या चहा-पावानंतर माझ्या पोटात काही गेलं नव्हतं. पाणी प्यायले तर ते उलटून पडत होतं. मी बादलीपाशी जाऊन, तोंडात पदर कोंबून, आवाज न करता ओकत होते. अकराच्या सुमाराला दिव्यात तेल घालायला उठले आणि डोळ्यांपुढे अंधार आला. शुद्धीवर आले तेव्हा सासूबाई माझ्या कपाळावर पाणी लावत होत्या.

"प्रेतापाशी कधी बसले नाही, म्हणून घेरी आली," मी म्हटलं.

त्यांनी मला भिंतीशी टेकवलं. मग उठल्या आणि नेसूची साडी सोडायला लागल्या. दु:खाने ह्यांचं डोकं फिरलं, असं मला वाटलं. परकरावर उभ्या राहून त्यांनी ती साडी खोलीच्या मध्ये, कपडे वाळत घालायच्या दोरीवर टाकली, एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत. हिरवी, बारीक फुलांची साडी होती. पलीकडे बाबा आणि दिवा. अलीकडे मी, पाण्याच्या बादल्या आणि स्टोव्ह.

मग साडीशी तोंड नेऊन त्या पलीकडे म्हणाल्या, "जरा थांबा हां. एवढं होऊ द्या."

आणि त्यांनी स्टोव्हला पंप मारला.

मी नको म्हटलं. खरंच म्हटलं, दोनदा. त्यांनी लक्ष दिलं नाही. तांदूळ आणि मूठभर मसूर एकत्र धुतले, मीठ, हळद, एवढंच. वास सुटला तशी माझ्या तोंडाला पाणी सुटलं, आणि त्याची मला इतकी लाज वाटली की मी रडायला लागले. चार हातांवर तो माणूस पडलेला, ज्याने मला मुलीसारखं वागवलं, आणि मी पातेल्याच्या झाकणाकडे बघत होते.

ताट वाढून त्यांनी माझ्यापुढे ठेवलं. एकच ताट.

"तुम्ही?" मी विचारलं.

"मी तिकडं बसते. त्यांना एकटं नको." मग म्हणाल्या, "सावकाश खा. घाईनं खाल्लंस तर परत येईल."

त्या साडीपलीकडे गेल्या. मी अलीकडे जेवले. सगळं खाल्लं, ताट पुसून खाल्लं. इतका चांगला भात मी त्याआधी खाल्ला नव्हता आणि नंतरही नाही. कितीही पाप असो, खरं ते खरं. पलीकडे त्या बाबांशी काहीतरी बोलत होत्या, वाऱ्यात शब्द कळत नव्हते. संध्याकाळच्या सुमाराला उरलेला भात त्यांनी मला पुन्हा खायला लावला. स्वतः त्या पाण्यावर होत्या.

रविवारी सकाळी वारा पडला. सासूबाईंनी साडी काढून परत नेसली. दुपारी माणसं आली, उन्मळलेल्या झाडांवरून चढत उतरत. आधी भाऊबंद, मग कलाताई, तिच्या मागे देवराव. वादळात ते कुठे अडकले होते हे कुणी विचारलं नाही. त्यांचा चेहरा बापाला बघून पार कोसळला, तेवढं मी त्यांच्या बाजूने लिहिते.

कलाताई बापाच्या पायांवर पडून रडली. मग उठताना तिची नजर कोपऱ्यात गेली. पाणी वाचवायचं म्हणून आम्ही भांडी घासली नव्हती. पातेलं तसंच, बुडाला काजळी, कडेला शितं. शेजारी ताट.

खोलीत सात-आठ माणसं होती. ती सगळी तिच्या नजरेमागून तिकडे बघायला लागली.

"वहिनी," तिनं मला विचारलं, "चूल कोणी पेटवली?"

मी तोंड उघडलं. शब्द तयार होते. पण पुढचा प्रश्न मला दिसत होता, का गं, तुला काय झालं होतं? आणि विचारता विचारता तिची नजर माझ्या डोळ्यांवरून, मनगटावरून, कमरेवरून फिरली असती. मी तोंड उघडं ठेवून उभी राहिले.

"मी पेटवली," सासूबाई म्हणाल्या. "मला भूक लागली."

एका म्हाताऱ्या चुलतसासूनं पदर तोंडाला लावला. कलाताई आईकडे अशी बघत राहिली, जशी ती बाई तिच्या ओळखीचीच नाही. मी खाली फरशीकडे बघत होते. अजून एक श्वास, आता बोल, असं मी स्वतःला म्हणत होते. तोवर पुरुषांनी बाबांना उचललं.

पुढच्या खोल्यांवर ताडपत्री बांधली, तेरा दिवस घरात माणसं होती आणि सासूबाईंशी कुणी धड बोलत नव्हतं. नवऱ्याच्या मढ्याशेजारी बसून जेवलेली बाई. स्वयंपाकघरात त्यांना कुणी येऊ देत नसे. त्या ओसरीत बसून असत. मी मात्र आयती दु:खी, सोशिक सून झाले होते. सगळे मला जपत होते. मळमळलं की सासऱ्यांच्या आठवणीनं, जेवण गेलं नाही की सासऱ्यांच्या दु:खानं. एकदा कलाताईनं माझी नाडी धरली, तेवढ्यात ओसरीतून सासूबाईंनी तिला जोरात हाक मारली, कसल्याशा फालतू कामासाठी. ती चिडून गेली.

तेराव्याचं जेवण झालं. पान खाऊन भाऊबंद निघायच्या बेतात असताना सासूबाई ओसरीतून उठून मध्ये आल्या. माझ्याकडे बोट दाखवलं.

"ही आल्यापासून घरात एक धड झालं नाय. घर गेलं, माणूस गेलं. पांढऱ्या पायाची हाय. हिला माहेरी धाडा, आणि परत आणू नका."

"तू बोलतेस?" कलाताई म्हणाली. "आई, तू?"

पण कुणी त्यांना अडवलंही नाही. देवरावांनी मान खाली घातली. त्यांच्या खांद्यांवरून मला दिसलं की त्यांना सुटल्यासारखं वाटतंय. मी हुंदके देऊन रडले. अपमानाने रडले, आणि त्या बाईचं तोंड पुन्हा बघायचं नाही असं ठरवलं. विमानाचं तिकीट बदलून मिळालं. शनिवारचंच.

निघताना चारचौघांत वाईट दिसू नये म्हणून मी वाकून त्यांना नमस्कार केला. दाराबाहेर टॅक्सी उभी, देवराव डिकी उघडून. कलाताई ओसरीत. मी बॅगेला हात घातला तशी सासूबाईंनी माझं मनगट धरलं आणि अगदी हळू, ओठ न हलवता म्हणाल्या,

"ती तू उचलू नको. पोटावर ताण येतो. त्याला उचलू दे."

मी वर बघितलं. त्या आधीच वळून आत चालल्या होत्या.

विमान सुटेपर्यंत मी त्या एका वाक्याचे दोरे उसवत होते. घरातले कपडे त्याच वाळत घालत, आणि दोन महिने माझी पाळीची फडकी त्यांत आली नव्हती. त्यांना किती दिवसांपासून ठाऊक होतं? लग्नाला जायचा होकार त्यांनीच दिला होता. तेव्हाही ठाऊक होतं?

चिपळूणला मला मुलगी झाली. मी सासरी कळवलं नाही. आधी भीती होती की देवराव हक्क सांगतील. कागदोपत्री सुटका झाली तेव्हा भीती गेली, तिच्या जागी लाज आली. पत्र लिहायला बसले की पहिलंच वाक्य अडायचं. मग मुलीची शाळा, माझी नोकरी, आईचं दुखणं. न लिहिण्यासाठी कारणं माणसाला भरपूर मिळतात.

तेहेतीस वर्षांनी, गेल्या महिन्यात, फोन आला. कलाताईचा आवाज मी ओळखला नाही, तिनं नाव सांगितलं. माझा नंबर कुणाकुणाला विचारून मिळवला होता. आई गेली, म्हणाली. झोपेत गेली, त्रास झाला नाही. पण मयताला जुन्या बायका आल्या नाहीत. इतकी वर्षं झाली तरी लोक ते विसरले नव्हते. मग ती म्हणाली, की तूच तेवढी तिथे होतीस म्हणून विचारते. ती इतकी निष्ठुर कशी झाली, एक दिवस भूक सोसवली नाही तिला?

"त्या जेवल्या नाहीत," मी म्हटलं. "मी जेवले. मला तिसरा महिना होता. त्यांना ठाऊक होतं."



"नऊ वर्षं," कलाताई म्हणाली, "नऊ वर्षं मी माझ्या आईच्या हातचं पाणी प्यायले नाही, वहिनी."

मी माफी मागितली. ती तिनं ऐकली की नाही कळलं नाही. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "काय झालं? मुलगा की मुलगी?"

"मुलगी."

"आईला कळलं होतं?"

"नाही," मी म्हटलं.